चेरी नावाचं करवंद

लहानपणी आइस्क्रीमच्या कपावर एक लालभडक चेरी असे. ती शेवटी खायची, असा माझा नेम होता. धाकट्या भावाला तो ठाऊक असल्यामुळे नेम बरेचदा मोडे, "दादा, ते बघ विमान!" एवढं त्याला पुरे होई. चवीचं म्हणाल तर ती नुसती साखर होती. पण फळ विलायती, आणि विलायती पाहुण्याला गुण विचारण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

चाळिशी उलटल्यावर एका बेकरीवाल्याने बिस्किटं बांधता बांधता सांगून टाकलं, "चेरी कसली साहेब, करवंदं आहेत ती!" कच्ची करवंदं घ्यायची, पोटातल्या बिया काढायच्या, लाल रंग चढवायचा आणि साखरेच्या पाकात मुरवायची. (टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई, हा धक्का मी त्याआधीच पचवला होता.) म्हणजे ज्या फळासाठी आम्ही मे महिन्यात आजोळच्या डोंगरात कोपरापर्यंत ओरखडे काढून घ्यायचो, ओठ चिकाने चिकटेस्तोवर जे खायचो, तेच कपावर बसून आमच्याकडे बघत होतं आणि आम्ही ओळख दिली नाही. डोंगरची काळी मैना शहरात येऊन सिनेमात गेली होती. नाव बदललं, रंग बदलला, बोलण्यातला आंबटपणाही घालवला.

मग खरी चेरी कोण, याची चौकशी करणं आलं. घराणं मोठं निघालं. प्लिनी या रोमन लेखकाच्या म्हणण्यानुसार, ल्युकुलस नावाच्या सेनापतीने काळ्या समुद्राकाठच्या पाँटसच्या राजाला हरवलं आणि इ.स.पू. 74 च्या सुमारास तिथून चेरीचं झाड रोमला आणलं. हा ल्युकुलस पुढे लढायांपेक्षा जेवणावळींसाठी जास्त प्रसिद्ध झाला, त्यामुळे लुटीत झाड आणण्याची बुद्धी त्यालाच व्हावी हे रास्तच. वास्तविक रानचेरी युरोपात त्याच्या कितीतरी आधीपासून होती. जुन्या वस्त्यांच्या उत्खननात तिच्या बिया सापडतात. पण रानातलं फळ आणि सरदाराने आणलेलं फळ यांत फरक असतो, हे करवंदवाल्यांना कुणी सांगायला नको.

या सगळ्या घराण्यात मला चटका लावून गेली ती 'बिंग' नावाची काळपट लाल चेरी. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या मिलवॉकी गावी सेथ ल्युएलिंगच्या बागेत 1875 च्या सुमारास ती तयार झाली. नाव पडलं ते बागेतल्या चिनी मुकादमावरून, आह बिंगवरून. तो 1889 मध्ये घरच्यांना भेटायला चीनला गेला आणि परतलाच नाही. चिनी मजुरांना मज्जाव करणारा कायदा अमेरिकेने 1882 मध्येच केला होता. फळाला त्याचं नाव राहिलं, तो मात्र दाराबाहेर. आमच्या करवंदाचं नेमकं उलटं झालं. त्याला थेट केकच्या माथ्यावर जागा मिळाली, फक्त नाव तेवढं दाराबाहेर ठेवायला लागलं.

अस्सल चेरी आमच्या घरात आली ती माझ्या पायाच्या अंगठ्यामुळे. एका रात्री तो टोमॅटोसारखा सुजला, पांघरुणाचा स्पर्शही सोसेना. डॉक्टर म्हणाले, "युरिक ॲसिड. गाऊट." हा राजेरजवाड्यांचा रोग, असं ऐकून होतो. राजेपण न येता रोग तेवढा आला. ही बातमी सोसायटीत पसरताच जो तो चेरी खा म्हणू लागला. डॉक्टरांना भीत भीत विचारलं, तर ते हसले नाहीत. बोस्टनच्या संशोधकांनी 2012 मध्ये गाऊटच्या 633 रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. दोन दिवस चेरी खाल्ल्यानंतर दुखणं उसळण्याचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी कमी दिसला. "पण त्यावरून चेरीनेच गुण आला असं सिद्ध होत नाही," ते म्हणाले, "तेव्हा गोळ्या बंद करायच्या नाहीत." चेरीला काळपट लाली देणारं अँथोसायनिन दाह कमी करत असावं, असा तर्क आहे. आंबट चेरीत झोपेचं मेलाटोनिनही थोडं असतं म्हणतात. थोडं म्हणजे अगदीच थोडं. दुपारच्या जेवणानंतर मला त्याची गरजही लागत नाही.

जूनमध्ये बाजारात काश्मिरी चेरीची खोकी येतात. काश्मिरात या फळाला 'गिलास' म्हणतात. पूर्वी श्रीनगरला एका फळवाल्याने "गिलास घ्या" म्हटल्यावर मी "तहान नाही" म्हणून पुढे गेलो होतो. यंदा खोकं विकत घेतलं. किंमत ऐकून अंगठा पुन्हा ठणकल्यासारखा वाटला. त्या अभ्यासात एक वाटा दहा-बारा चेरींचा धरला होता, हे मी घरी बोलून बसलो. तेव्हापासून बायको वाटीत बारा मोजून देते.

पहिली चेरी उचलली आणि सवयीने अर्धीच चावून आत पाहिलं. लहानपणी करवंद असंच बघायचो. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी.

"कोंबडा!" मी ओरडलो.

"अकरा राहिल्या," आतून आवाज आला, "आणि बिया कुंडीत टाकू नका."