निदान तेवढं तरी

आमच्या भाच्याच्या शाळेत आजवर एकाही मुलाला ऑटिझम झालेला नाही. ही माहिती खुद्द मुख्याध्यापिकाबाईंनी दिली. शंभर टक्के निकालाबद्दल बोलताना लागतो तोच सूर लागला होता. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हट्टी मुलं पाहिली, लाडावलेली पाहिली, घुमी पाहिली, घंटा वाजली की कानांवर हात ठेवून बाकाखाली शिरणारीही पाहिली. ऑटिझमचं मात्र एकही नाही.

भाचा साडेसहा वर्षांचा, पहिलीत. त्याच्या डब्यात पोळीला भाजी लागलेली चालत नाही. पी.टी.चा तास अचानक गणिताचा झाला, तर त्याच्या जगाला तडा जातो. डॉक्टरांना शंका आली. त्यांनी तज्ज्ञांकडे पाठवलं आणि वर्गशिक्षिकेनं भरायचा दोन पानी फॉर्म दिला. ऑटिझम काही रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. मूल घरी कसं वागतं, चार मुलांत कसं वागतं, यावरूनच तज्ज्ञ ठरवतात. म्हणून शाळेची साक्ष हवी.

शाळेनं साक्ष दिली. ‘मूल स्वतःहून मित्र जोडतं का?’ समाधानकारक. ‘ठरलेला क्रम बदलल्यास काय करतं?’ समाधानकारक. ‘मोठ्या आवाजाचा त्रास होतो का?’ समाधानकारक. हा त्रास नेमका कुणाला समाधानकारक वाटला, याचा खुलासा नव्हता.

तो मागायला ताई गेली आणि मामा म्हणून मीही गेलो. केबिनमध्ये मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि को-ऑर्डिनेटर मॅडम. तज्ज्ञांची तारीख आम्हाला तीन महिन्यांनंतरची मिळाली होती. इथे चहा यायच्या आत निदान झालं. तेही फुकट.

‘अहो, तो बघतो की माझ्याकडे!’ वर्गशिक्षिका म्हणाल्या. (तो त्यांच्या कानातल्या झुमक्याकडे बघतो. झुमका हलतो.) ‘मुलगे उशिराच बोलायला लागतात,’ को-ऑर्डिनेटर म्हणाल्या. त्यांच्या नणंदेचा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आता अमेरिकेत आहे. मराठी घरांत हा पुरावा अखेरचा मानला जातो. अमेरिकेत गेलेल्या माणसाला पूर्वी काही झालेलं नसतं.

मग भाच्याला बोलावलं. ‘बाळा, तुझा बेस्ट फ्रेंड कोण?’

‘शहाड, आंबिवली, टिटवाळा,’ भाचा म्हणाला आणि थेट कसाऱ्यापर्यंत गेला.

‘बघा! किती हुशार आहे! आणि तुम्ही काय डोक्यात घेऊन बसलात?’ मुख्याध्यापिकाबाई प्रसन्न झाल्या. लोकल कसाऱ्याला पोचली, प्रश्न कल्याणलाच राहिला. ऑटिझम म्हणजे मंदबुद्धी, आणि हा तर हुशार, तेव्हा फाईल बंद. शिवाय तिघींनीही ‘तारे जमीन पर’ पाहिला होता. तो डिस्लेक्सियावरचा, हे मी बोलणार होतो, पण ताईनं टेबलाखालून पाय दाबला.

शेवटी गाडी ठरल्या ठिकाणी आलीच. ‘तुम्ही नोकरी करता ना? घरी मोबाईल किती वेळ देता?’

लिओ कॅनर यांनी 1943 साली अमेरिकेत अकरा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि ऑटिझमला वैद्यकात स्वतःची जागा मिळाली. त्यानंतर बरीच वर्षं तिथले विद्वानही आईवरच घसरत होते: आई थिजलेली, मायेत कमी, म्हणून मूल असं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून ही समजूत मोडीत काढली. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे बाप. साठ वर्षं उलटून गेली, पुस्तक अजून आमच्या शाळेच्या गेटवर उभं आहे. बहुधा पालकांचं ओळखपत्र नसावं.

ताईनं मागण्या मांडल्या. फार नव्हत्या. त्याला घंटेपासून लांबच्या बाकावर बसवा. तास बदलणार असेल तर पाच मिनिटं आधी कानावर घाला. गोंधळ असह्य झाला तर ग्रंथालयात बसू द्या. नाहीतरी तिथे कुणी नसतं.

‘छे छे, तो अगदी नॉर्मल आहे. एकाला वेगळी वागणूक दिली तर बाकीचे पालक काय म्हणतील?’

पटलं. आम्ही उठलो. दारापर्यंत पोचलो असू, तोच को-ऑर्डिनेटर मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, ‘गॅदरिंगला त्याला नाही आणलं तर बरं. सहलीलाही नको. आणि खरं सांगू का, अशा मुलांसाठी दुसऱ्या चांगल्या शाळा असतात.’

‘अशा म्हणजे कशा?’ ताईनं विचारलं.

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

हे शास्त्र मला त्या दिवशी उमगलं. सोय मागितली की मूल नॉर्मल, फोटोत रांग बिघडवली की ‘असं’. एकाच केबिनमध्ये, एकाच चहात. शाळा काढूनही टाकत नाही हं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत मुलाला काढता येत नाही, म्हणून शाळा फक्त सुचवते. दर पंधरा दिवसांनी. डायरीत, लाल शाईनं.

आणखी एक कायदा आहे, 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. 1995 च्या जुन्या कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच; या नव्या 21 प्रकारांत तो आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेनं अशा मुलाला गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात असंही त्यात आहे. मात्र कागद आधी तज्ज्ञांचा हवा, तज्ज्ञांना शाळेचा फॉर्म हवा, आणि फॉर्म समाधानकारक आहे.

वर्गशिक्षिकेवर माझा राग नाही. चौपन्न पोरं, एकटी बाई, त्यात निवडणुकीची ड्युटी. ऑटिझम ओळखायचं तिला कुणी शिकवलेलं नाही आणि निदान करणं तिचं कामही नाही. पण मग ‘नाही’ हेसुद्धा निदानच की! बाई, ‘मला माहीत नाही, जे दिसतं ते लिहून देते’, निदान तेवढं तरी म्हणा. बाकाखाली शिरतो, लिहा. किती वेळा, लिहा. पेन आम्ही आणतो.

दुसऱ्या मीटिंगसाठी अर्ज केला होता, त्याचं उत्तर काल आलं. तारीख 2 एप्रिल. त्या दिवशी शाळेत जागतिक ऑटिझम जागरूकता दिन आहे. ढोल-ताशा पथक येणार असून फुगे फोडण्याचा कार्यक्रम आहे. सर्वांनी निळे कपडे घालून यावे. आमच्या भाच्याला तेवढा दिवस घरी ठेवावे, अशी खाली वेगळी सूचना आहे.