अनवाणी बूट : एक तलस्पर्शी अभ्यास

या विषयाकडे मराठी विद्वानांनी काणाडोळा केला, असे म्हणता येत नाही. काणाडोळा करायला विषय आधी डोळ्यांसमोर यावा लागतो. हा पायांत असतो. शिवाय त्याची अडचण नावापासूनच सुरू होते. 'बेअरफूट शूज'चे मराठी करायला जावे तर 'अनवाणी बूट' असे होते आणि तिथेच अर्थाचा पाय मुरगळतो. 'वहाण' आली संस्कृत 'उपानह्'वरून. तिला नकाराचा 'अन्' लागून 'अनवाणी' झाले. म्हणजे अनवाणी बूट ही वहाण नसलेली वहाण. तर्कशास्त्रात याला वदतो व्याघात म्हणतात आणि 'मी मौन पाळतो आहे' असे ओरडून सांगणारा इसम हे त्याचे ठरलेले उदाहरण. फरक इतकाच, की मौनाला पैसे पडत नाहीत. प्रस्तुत लेखकाला वहाण नसण्याचे 6,400 रुपये पडले.

संशोधनाची प्रेरणा गुडघ्यातून आली. रोज सकाळी वेताळ टेकडी चढताना उजवा गुडघा करकरू लागला, तेव्हा हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पुतण्याने निदान केले, "काका, एवढ्या जाड तळाच्या बुटांत तुमच्या पायांना जमीनच कळत नाही." मला जमिनीतले काही कळत नाही, हे याआधी गावाकडच्या चुलतभावांनी सातबाऱ्याच्या संदर्भात सांगितले होते. पायांवर हा आरोप प्रथमच होत होता. घरात यावर चर्चा झाली तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "मग चपला काढून चाला की. फुकट आहे." इतके सोपे उत्तर सुरुवातीलाच मिळाले तर संशोधन पुढे सरकत नाही, म्हणून ते बाजूला ठेवले.

आधी लक्षण. अनवाणी बूट म्हणवून घ्यायला जोड्याच्या अंगी तीन गुण लागतात. बोटांपाशी तो पायाइतका रुंद असावा. टाच आणि चवडा एकाच पातळीवर राहावेत. आणि तळ असा पातळ नि लवचिक असावा, की बुटाची वळकटी करता यावी. दुसऱ्या गुणाला धंद्यातले लोक 'झीरो ड्रॉप' म्हणतात. मी 'शून्यपतन' असा शब्द सुचवतो; तो उच्चारताना चारित्र्यही सुधारल्यासारखे वाटते. पहिल्या गुणाबद्दल वाचक विचारील, की बूट पायाच्या आकाराचा नसेल तर कशाच्या? त्याने आपला ऑफिसचा बूट समोर ठेवून वरून पाहावा. बुटाचे टोक मधोमध असते. पायाचे टोक अंगठ्याकडे असते. हा बूट ज्या पायासाठी बेतला तो माणसाचा नव्हता. सुरमईला पाय असते तर तिला बरोबर बसला असता. एका पायातली 26 हाडे आणि 33 सांधे त्या निमुळत्या पेटीत कोंबून आपण वर नाडी आवळतो आणि संध्याकाळी तक्रार करतो, की आज उभे राहून राहून पाय भरून आले.

त्यातही आपला पाय वेगळा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय युरोपियनांपेक्षा रुंद निघाला. त्यावरून भारतीय मापांची नवी पद्धत सुचवली गेली आणि तिचे नाव ठेवले 'भा'. म्हणजे 'सात नंबर घट्ट होतो, आठ नंबर लांब होतो' ही आपली पिढीजात कुरकुर हट्टीपणाची नव्हती, शास्त्रीय होती. दुकानात मला तीन जोड घालून पाहायला देऊन चौथ्यासाठी कंटाळलेल्या विक्रेत्याला हे तेव्हाच सांगता आले असते तर बरे झाले असते.

आता किंमत. घरातली सर्व पादत्राणे व्हर्नियर कॅलिपरने मोजून मी आधी असा नियम मांडला होता, की तळ जितका पातळ तितके बिल जाड. पुतण्याने तो खोडून काढला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्या टोकालाही तेच चालू आहे. शर्यतीचे बूट इतके उंच आणि उसळते होत गेले, की जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला 2020 मध्ये रस्त्यावरच्या बुटांच्या तळाला 40 मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. आणि तेही बूट महागच. म्हणून सुधारित नियम असा : जाडी आणि किंमत यांचा आलेख घोड्याच्या नालेसारखा असतो. एका टोकाला माझा साडेपाच मिलिमीटरचा अनवाणी बूट, दुसऱ्या टोकाला 40 मिलिमीटरचा पलंग, आणि मध्ये खोलगट भागात, 15 मिलिमीटर जाडीवर, 150 रुपयांची हवाई चप्पल कुणाचेही लक्ष नसताना उभी आहे. तिला शून्यपतनही जवळजवळ साधलेले आहे. पण तिच्यासोबत माहितीपुस्तिका येत नाही.

इतिहासाकडे वळताना प्रथम हे ध्यानात घ्यावे, की पादत्राणाची उत्पत्ती महाभारताच्या अनुशासन पर्वात दिलेली आहे. ज्येष्ठातल्या उन्हात जमदग्नी धनुर्विद्येचा सराव करत होते आणि रेणुका धावत जाऊन बाण वेचून आणत होती. डोके तापले, पाय भाजले, म्हणून ती क्षणभर झाडाच्या सावलीत थांबली. उशीर का झाला म्हणून ऋषी संतापले. कारण कळल्यावर संताप बायकोवरून सूर्याकडे वळला आणि त्यांनी धनुष्य आकाशाकडे रोखले. सूर्य ब्राह्मणाच्या वेशात खाली आला, शरण आला आणि तडजोड म्हणून त्याने एक छत्री आणि एक वहाणांचा जोड दिला. या कथेत पायाच्या कमानीला आधार, घोट्याची स्थिरता, टाचेखालची गादी यांचा अवाक्षराने उल्लेख नाही. वहाण आली ती नुकसानभरपाई म्हणून, आणि तीही फक्त चटक्याची. (बाण स्वतः आणायला जाण्याचा पर्याय जमदग्नींना का सुचला नाही, हा प्रश्न या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा आहे. सौभाग्यवतींच्या मते तोच मुख्य प्रश्न आहे.)

पाश्चात्य परंपरा यापेक्षा बरीच अलीकडची. 1960 मध्ये रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला. अनवाणी पंथाचे लोक ही गोष्ट फार सांगतात. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि वेळही तीन मिनिटांनी सुधारली. ही गोष्ट ते जरा हळू आवाजात सांगतात. 2009 मध्ये ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचे 'बॉर्न टू रन' आले आणि मेक्सिकोतले रारामुरी लोक जुन्या टायरच्या तळाच्या चपलांवर डोंगरच्या डोंगर धावतात, हे अमेरिकेला कळले. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी 'नेचर'मध्ये दाखवले, की सवयीने अनवाणी धावणारा माणूस बहुधा टाच आपटत नाही, चवड्यावर उतरतो; त्यामुळे धक्का कमी बसतो. मग काय, पाच बोटांना पाच स्वतंत्र खोल्या असलेले व्हिब्रमचे बूट घालून अर्धे जग धावू लागले. हे व्हिब्रम म्हणजे मिलानच्या विताले ब्रामानी या गिर्यारोहकाने काढलेले घराणे. डोंगरातल्या अपघातात सोबती गमावल्यावर त्याने 1937 मध्ये खाचाखाचांचा जाड रबरी तळ बनवला होता. जाड तळासाठी नावाजलेल्या घराण्याने पातळ तळ काढावा, हे आमच्याकडे एखाद्या प्रसिद्ध मिठाईवाल्याने मधुमेहाचा दवाखाना काढण्यासारखे आहे.

पण दावे फार झाले. पाय बळकट होतात, दुखापती टळतात, या जाहिरातींना पुरावा काय, असे विचारत 2012 मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी व्हिब्रमवर दावा लावला आणि 2014 मध्ये कंपनीने 37.5 लाख डॉलर देऊन तो मिटवला. दरम्यान ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या मंडळींनी 2013 मध्ये 36 धावपटूंवर दहा आठवडे प्रयोग केला होता. पाच बोटांचे बूट दिलेल्या 19 जणांपैकी 10 जणांच्या पायांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. तात्पर्य, चाळीस वर्षे बुटांत निजलेल्या पायाला एकदम उठवून पळायला लावू नये. मी स्वतः पहिल्याच दिवशी टेकडीची पूर्ण फेरी मारली. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटऱ्यांना जमीन इतकी कळली, की पुढचे चार दिवस दुसरे काही कळेना.

या गदारोळात एक अस्सल देशी अभ्यास मागे पडतो. 1992 मध्ये मंगळूरच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 2,300 मुलांचे पाय तपासले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळवे 8.6 टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. बंद बूटवाली मुले सर्वांत मागे, चपलावाली मध्ये, अनवाणी पुढे. म्हणजे ज्या पोरांना 'चप्पल घाल रे' म्हणून आयांनी गल्लीभर ओरडून बोलावले, त्यांच्या पायांनी विज्ञानाची बाजू राखली होती.

व्यायामाच्या बाबतीत महाराष्ट्राला नवे शिकण्यासारखे थोडेच आहे. कोल्हापूरच्या तालमीत चपला उंबऱ्याबाहेर राहतात आणि आत ताक, तेल, हळद घालून मुरवलेली लाल माती असते. मल्लखांब, खो-खो, कबड्डी हे सगळे उघड्या पायांचे. बूट आले ते मॅटबरोबर. रोजच्या वापरात ही निष्ठा टिकवणे मात्र महाकठीण. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन हिंदी कवी मुक्तिबोधांच्या निधनानंतर अनवाणी राहू लागले असे सांगतात, आणि मुंबईतल्या एका प्रतिष्ठित क्लबाने त्यांना त्याच कारणासाठी दारातून परत पाठवले. तेव्हा त्यांच्या पायांत साडेपाच मिलिमीटर रबर असते तर आत सोडले असते. अनवाणी बुटाचा निर्विवाद उपयोग एवढाच, की त्याला दार उघडते.

राहिला शाश्वततेचा प्रश्न. माझ्या जोडाच्या खोक्यात दुसरे खोके, त्यात कागद आणि त्यावर पर्यावरणाविषयीचे चार पानी निवेदन होते. अमेरिकेतल्या एमआयटीने 2013 मध्ये धावण्याच्या साध्या बुटाचा हिशेब मांडला होता : 65 सुटे भाग, 360 प्रक्रिया आणि जोडामागे सुमारे 14 किलो कार्बन डायऑक्साइड, त्यातला बराचसा कारखान्यातच. म्हणजे बूट कशापासून बनला हे विचारण्याआधी तो किती तुकड्यांचा आणि किती वर्षांचा, हे विचारायला हवे. माझी कसोटी याहून सोपी आहे. जो जोड कोपऱ्यावर शिवून मिळतो तो शाश्वत, बाकीचे निवेदन. म्हणून मी नवा कोरा जोड आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या कारागीरमामांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला, वाकवला, तळावर अंगठा दाबला आणि हळहळून म्हणाले, "पार झिजलाय हो साहेब. टायरचा तळ लावून देऊ का? दोन पावसाळे बघायला नको." अशा रीतीने रारामुरींचे तंत्रज्ञान 120 रुपयांत आमच्या चौकात उपलब्ध असल्याचे सिद्ध झाले.

इथे अभिमानी वाचकाच्या तोंडावर कोल्हापुरी आलेली असणार. धीर धरावा. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून तिला भौगोलिक मानांकन आहे, बाभळीच्या साली आणि हिरड्याने तिचे कातडे कमावतात, खिळा न मारता वादीने शिवतात, आणि जून 2025 मध्ये प्राडाने मिलानमध्ये (पुन्हा मिलान!) तिच्यासारखीच चप्पल नाव न घेता रंगमंचावर चालवली, तेव्हा आपण सर्वांनी एका सुरात निषेध केला. माझा निषेध शेजाऱ्यांनी ऐकला. तेव्हा माझ्या पायांत हवाई होती. पण विद्येला भावना नसते. तीन कसोट्या लावल्या तर बोटांची मोकळीक कोल्हापुरीत अमर्याद, कारण तिथे बूटच नाही. शून्यपतनात ती नापास होते : टाचेखाली एक जादा थर असतो, माझ्या जोडीत तो सहा मिलिमीटर भरला. लवचिकपणाबद्दल नव्या कोल्हापुरीसमोर न बोललेले बरे. ती आधी तेल पिते, मग पंधरा दिवस चावते, आणि नंतर मात्र अशी वळते, की तिच्यावर त्याच पायाचा ठसा उमटतो. धावायला ती निरुपयोगी, पावसात तिचा लगदा होतो. तरीही वर सांगितलेल्या कोपऱ्यावरच्या कसोटीत ती पहिली येते.

निवड करणाऱ्यांसाठी प्रयोगविधी थोडक्यात देतो. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, जुन्या वर्तमानपत्रावर उभे राहून पेन्सिलीने पायांची रेघ काढावी. दोन्ही पायांची, कारण ते जुळे नसतात. आकृती कापून बुटात सरकवावी. कागद कुठेही दुमडला तर बूट परत. लांबीला पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. बूट हातांनी पिळावा. विक्रेता बघत असला तरी पिळावा. सुरुवातीला दिवसाला दहा-पंधरा मिनिटे, तेही घरात किंवा मातीवर. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांना बधिरपणा आला आहे त्यांनी हा नाद डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, हे या प्रबंधातले एकमेव गंभीर वाक्य समजावे. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून पातळ तळाने चालणाऱ्यांसाठी लेप्टोचे जंतू वाटच बघत असतात, तेव्हा पावसाळ्यापुरते गमबूट. तत्त्व नंतर पुन्हा पाळता येते.

गुडघा सध्या शांत आहे. त्याचे श्रेय बुटांना, सावकाश चालण्याला की टेकडीवर जाणे निम्म्यावर येण्याला, हे ठरलेले नाही. प्रबंधाचा पुढचा भाग कापशी घाटाच्या जुन्या कोल्हापुरी जोडांच्या झिजेवर आहे आणि त्यासाठी सामग्री अपुरी पडते आहे. ज्यांच्या माळ्यावर आजोबांची वहाण असेल त्यांनी ती भंगारात देऊ नये आणि तेल तर मुळीच लावू नये, माप बदलते. रविवारी सकाळी दहानंतर आणावी. कॅलिपर माझ्याकडे आहे.