सीताफळाची मावसबहीण

एडिसन, न्यू जर्सी
४ मे २०२५

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र मुद्दाम लिहिते आहे. फोनवर झाडाचा विषय निघाला की तुम्ही खड्ड्याच्या मापापासून सुरू करता आणि शेणखतापर्यंत पोचेस्तोवर इथे माझी ऑफिसची मीटिंग सुरू होते.

गेल्या वादळात दारातलं पेअरचं झाड उभं चिरलं, ते तुम्हाला माहीत आहेच. बिल्डरनं हौसेनं लावलेलं. सगळ्या फांद्या एकाच जागेतून दाटीवाटीनं निघालेल्या, मग दुसरं काय होणार? नाव पेअर, पण खाण्याजोगं फळ नाही. एप्रिलात पांढऱ्याशुभ्र फुलांनी लगडायचं आणि वास मात्र शिळ्या मासळीचा! तुमच्या मालवणी जावयांना दर वसंतात गहिवरून यायचं.

त्या जागी काय लावायचं यावर हिवाळाभर खल झाला. मंदारला माड हवा, मला पारिजातक, ईराला झोका टांगायला मेपल. त्यात तुमचा निरोप, "कुणाबरोबर तरी बी पाठवतो, सीताफळच लाव." बाबा, इथे सरकारनं थंडीचे पट्टे पाडून नकाशा काढला आहे. आम्ही '७-अ' मधले, म्हणजे कडाक्यात पारा उणे १५ ते १८ अंशांवर उतरेल असं धरून चालायचं. माड, पारिजातक, सीताफळ तिथेच बाद. बियांची पुडी तर विमानतळावरच काढून घेतली असती आणि आणणाऱ्या काकूंनी आयुष्यभर आपल्याला ऐकवलं असतं.

उरला मेपल. तेव्हा तुमचंच वाक्य आठवलं : झाड घेताना रोपाकडं बघू नये, त्याच्या म्हातारपणाकडं बघावं. म्हातारा मेपल साठ फूट सहज जातो. आमच्याकडे वर विजेच्या तारा, बाजूला घराचा पाया. मेपलला झोका टांगण्याजोगी फांदी येईस्तोवर ईराला स्वतःचा ड्राइव्ह-वे झालेला असेल आणि आमचा मुळांनी उखडलेला. शिवाय तुमच्याकडं शेळ्या तशी इथे हरणं. कोवळं दिसलं की फस्त.

आणि अशात स्थळ सांगून आलं! नाव पॉपॉ. नावावरून पपई वाटेल, पण कूळ सीताफळाचं, जन्म मात्र इथल्याच जंगलातला, ओढ्याकाठचा. उंची पंधरा-वीस फूट, थंडी सोसणारं. पानं आंब्यासारखी लांब, लोंबती. फळ सप्टेंबरात, म्हणजे गणपती-नवरात्राच्या सुमाराला. गर असा की केळं, आंबा आणि कस्टर्ड एकत्र कालवावं. आत काळपट बिया, सीताफळासारख्याच न खाण्याच्या. १८०६ साली लुईस आणि क्लार्क या शोधप्रवाशांची तुकडी परतीच्या वाटेवर शिधा संपल्यावर यावरच जगली होती. आणि सीताफळाच्या पाल्याला जशी शेळी तोंड लावत नाही, तसं याच्या पाल्याला हरीण लावत नाही. खानदान म्हणतात ते असं.

पण सोयरिकीत एक मेख निघाली. हे झाड एकटं फळत नाही. जोडीदार लागतो, तोही वेगळ्या वाणाचा. एकाच वाणाची दोन कलमं आणली तर सगोत्र! आमची जागा एकाच झाडापुरती. शेवटी कुंपणापलीकडच्या इटालियन आजोबांना गाठलं. ते दर हिवाळ्यात आपल्या अंजिराला गोणपाटात गुंडाळून डोक्यावर बादली पालथी घालतात. आमच्या पुरंदरचं अंजीर प्रसिद्ध आहे म्हटल्यावर गडी विरघळला आणि दुसरं कलम त्यांच्या बाजूला ठरलं. वाणांची नावं नद्यांची : सस्क्वेहाना आणि शेनान्डोआ. उच्चारताना आजोबांचीही कवळी हलते, म्हणून आम्ही दोघींना कऱ्हा आणि नीरा म्हणतो.

खणण्याआधी ८११ला फोन करावा लागतो. मग माणसं येऊन जमिनीखाली काय काय आहे त्याच्या खुणा करून जातात. गॅसची पिवळी झेंडी, विजेची लाल, पाण्याची निळी, केबलची भगवी. इतके पक्ष एका अंगणात शांतपणे उभे मी पहिल्यांदाच पाहिले.

तुमचा दोन बाय दोन बाय दोनचा खड्डा मात्र इथे चालला नाही, रागावू नका. मुळाच्या गड्ड्याएवढाच खोल आणि दुप्पट-तिप्पट रुंद खणायचा. सोटमूळ नाजूक, त्याला धक्का लावायचा नाही. पहिली एक-दोन वर्षं रोपाला कडक ऊन सोसत नाही, म्हणून आईची जुनी सुती साडी चार काठ्यांना बांधली आहे. आजोबांनी विचारलं, हे काय? म्हटलं, मांडव.

याची फुलं गडद तांबडी, वास कुजकट, माश्यांना बोलावण्यासाठी. काही लोक परागीकरणासाठी फांदीला मांसाचा तुकडा टांगतात. मंदारनं तीन-चार वर्षांनंतरच्या त्या कार्यासाठी सुके बोंबील आत्तापासून बाजूला ठेवले आहेत. पेअर गेल्याचं दुःख थोडं हलकं झालं म्हणतो.

एकच अडचण. पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांपलीकडं टिकत नाही, त्यामुळे सासवडला पाठवता येणार नाही. तेव्हा पहिलं फळ धरलं की तुम्ही दोघांनी यायचं. सीताफळापुढं हे काहीच नाही, असं तुम्ही पहिल्याच घासाला म्हणणार, ते मी आत्ताच लिहून ठेवते.

ईराचा साष्टांग नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. आईला सांगा, कढीपत्ता सुखरूप आहे. थंडीभर त्याला हॉलमधली उन्हाची खिडकी दिली होती. पाहुण्यांना बेसमेंट.