पुराची तारीख

कृष्णा पाणी तंटा लवादाचं कौतुक कुरुंदवाडकरांनी नाही करायचं, तर कुणी? लवाद 2004 चा. कायदा म्हणतो, तीन वर्षांत निवाडा द्या, फार तर आणखी दोन घ्या. निवाडा आला डिसेंबर 2010 मध्ये, त्यावरचा पुढचा अहवाल 2013 मध्ये. घाईत न्याय होत नसतो.

खालच्या अंगाला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ठरली 524.256 मीटर. दशांशचिन्हापुढचे ते तीन आकडे पाहून ऊर भरून येतो. आमच्याकडे पाणी मोजायची रीत अगदीच ढोबळ : पायरी, उंबरा, माळा.

मधल्या काळात, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा राजपत्रात छापायलाच मनाई केली. छापला नाही म्हणजे लागू नाही. असा पक्का बंधारा कुठल्या अभियंत्याला जमला असता?

नदी मात्र राजपत्र वाचत नाही. 2005, 2019, 2021... प्रत्येक वेळी नोटीस न देता हजर. तेव्हा नम्र सूचना अशी, की यापुढे पुराने रीतसर अर्ज करावा, तिकीट लावून, प्रत महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांना. हरकतींसाठी तीस दिवस ठेवावेत. तेवढ्यात म्हशी तरी उंचावर नेता येतील.

नदीला शिस्त नाही असंही नाही. पलीकडे नरसोबाच्या वाडीत ती दत्तमंदिराच्या उत्तरद्वारातून आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वारातून बाहेर पडते. लोक हात जोडून स्नान करतात. कुरुंदवाडच्या घरांतून तिनं कोणत्या दारानं बाहेर पडायचं, एवढाच मुद्दा निवाड्यात राहून गेला.