आडनाव पाळण्यात

ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटमध्ये मिचेल किती झाले, हे कधीतरी बोटांवर मोजून पाहा. 2015 चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तीन होते, जॉन्सन, स्टार्क आणि मार्श. मागून लेगस्पिनर स्वेपसन आला, अलीकडे ओवेन आला. शेजारच्या न्यूझीलंडनं मॅक्लेनाघन आणि सँटनर यांची भर घातली. डॅरिल मिचेलही त्यांचाच, पण त्याचा मिचेल नावाच्या जागी नसून आडनावाच्या जागी आहे. आपल्या मुंबई इंडियन्सनं यातले तिघे आजवर खेळवले. 2017 च्या आयपीएलच्या अंतिम सामन्यात पुण्याला शेवटच्या षटकात 11 धावा हव्या होत्या आणि चेंडू जॉन्सनच्या हातात होता. त्यानं मनोज तिवारी आणि स्टीव्ह स्मिथ यांना लागोपाठच्या चेंडूंवर घालवलं आणि मुंबई एका धावेनं जिंकली. मेलबर्नमध्ये मिचेल नावाच्या माणसाशी ओळख झाली, की मुंबईचा मराठी माणूस लगेच हात पुढं करतो. पुण्याचाही करतो, पण जरा विचार करून.

तर हे मिचेल मुळात आडनाव. त्याचाही मूळपुरुष पुन्हा नावच. नॉर्मन लोक इंग्लंडात आले तेव्हा मायकेलचं फ्रेंच रूप मिशेल बरोबर घेऊन आले. मिशेलच्या पोराबाळांना लोक मिचेल म्हणू लागले, ते आडनाव होऊन बसलं आणि कित्येक शतकं दाराच्या पाटीवर राहिल्यावर विसाव्या शतकात पुन्हा पाळण्यात आलं. जॉन्सनचा जन्म 1981 चा, स्टार्क 1990 चा, मार्श 1991 चा, स्वेपसन 1993 चा. म्हणजे हा एका पिढीचा छंद. आपल्याकडे एकेका वर्गात चार संजय आणि तीन सचिन असायचे, मग बाईंना एस. कुलकर्णी, एस. व्ही. कुलकर्णी अशी तजवीज करावी लागायची, तसंच हे. आता त्या देशात मिचेल जन्माला येणं कमी झालंय. कूपर, मेसन, हडसन, हंटर, जॅक्सन, हॅरिसन, लिंकन यांचे दिवस आहेत. सगळी आडनावंच.

माझी आई आमच्याकडे मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात आली तेव्हा तिला पहिल्याच शनिवारी मैदानावर नेलं. नातवाचा क्रिकेटचा सराव होता. कुंपणापाशी पालक खुर्च्या मांडून बसलेले आणि आपापल्या पोरांना ओरडून हाका मारत होते, कूपर इकडे ये, मेसन बूट बांध, हंटर टोपी घाल. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवत होती. थोडा वेळ ऐकून तिनं मला हळूच विचारलं,

“अरे, पोरांनी काय केलंय? सगळ्यांना आडनावानं का झापताहेत?”

मी म्हटलं, ही नावंच आहेत त्यांची.

“कूपर हे नाव? कूपर म्हणजे साताऱ्याचे ना?”

सातारा जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. कूपर म्हणजे सातारा रोडचा कारखाना, शेतीची अवजारं आणि विहिरीवरचं धाड धाड चालणारं कूपरचं इंजिन. आईच्या माहेरी ते होतं. त्याच घराण्यातले धनजीशा कूपर 1937 साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. एप्रिल ते जुलै एवढीच त्यांची कारकीर्द, मग बाळासाहेब खेर आले. मुंबईकराला कूपर म्हटलं की जुहूचं हॉस्पिटल आठवतं. आणि इथं कूपर नावाचं सात वर्षांचं पोर नाक पुसत लाँगऑनला उभं. मूळचा कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा कारागीर, मेसन म्हणजे गवंडी. आईला हे सांगितल्यावर ती खूश झाली. म्हणाली, “बरंय की. आपल्याकडं सुताराचं पोर शिकलं की पहिल्यांदा आडनाव बदलायला जातं. हे लोक गवंड्याचं नाव हौसेनं ठेवतात.”

आपले पारशी या बाबतीत साहेबाच्या दोन पावलं पुढं होते. इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर ही आडनावं घेऊन ते भारतासाठी कसोटी खेळले. पण मुलाचं नाव इंजिनिअर ठेवण्यापर्यंत त्यांचीही मजल गेली नाही. आपण मराठी माणसं नाव ठेवत नाही, त्याला इंजिनिअर करूनच सोडतो.

आडनावाचं नाव करण्याची ही खोड इंग्रजांची. विल्यम कॅमडेन नावाच्या इतिहासकारानं 1605 सालीच तिची नोंद करून ठेवली आहे. सुरुवात झाली बड्या घराण्यांतून. मुलगी परक्या घरात गेली, तिच्या माहेरचं आडनाव आता बुडणार, तर निदान नातवाच्या नावात तरी ते राहू दे, असा साधा हिशोब. पर्सी, सिडनी, नेव्हिल, हॉवर्ड, स्टॅन्ली अशी सगळी खानदानी आडनावं मग हळूहळू कारकुनांच्या आणि खाणकामगारांच्या घरांपर्यंत पोचली.

मला यातली माहेरची गोष्ट आवडते. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं आडनाव जातं, पूर्वी काही घरांत नावही जायचं. महाराष्ट्र सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आणलं, आधी मुलाचं, मग आईचं, मग वडलांचं, शेवटी आडनाव. चांगलं झालं. तरी माहेरचं आडनाव बाहेरच राहिलं. ते आत आणायचं तर इंग्रजांसारखं मुलाचं नावच गोखले ठेवावं लागेल. गोखले सुधीर आपटे. ही वकिलांची भागीदारीतली कंपनी वाटते, बारशाचं नाव वाटत नाही.

खानदानानंतर पाळी आली शूरवीरांची. इथं मराठी माणसानं जरा कान टवकारावेत. रॉबर्ट क्लाइव्ह हा तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घ्यायला 1756 च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनबरोबर आला होता. (पेशवेही त्या कामी इंग्रजांच्या बाजूला होते, पण तो विषय काढला की आपली आपसातच जुंपते.) हिंदुस्थानात नोकरी केलेली इंग्रज कुटुंबं पुढं मुलांना क्लाइव्ह हे नाव कौतुकानं ठेवू लागली. दोनशे वर्षांनी ते गयानातल्या एका पोराला मिळालं. क्लाइव्ह लॉइड 1966 साली आपली पहिली कसोटी मुंबईत ब्रेबॉर्नवर खेळला आणि त्यानं 82 आणि नाबाद 78 केल्या. 1975 ला वानखेडेवर पहिलीच कसोटी झाली, तिथं नाबाद 242. पण तो क्लाइव्ह आपल्याला केवढा लाडका. प्लासीच्या क्लाइव्हचा राग त्याच्यावर कुणी काढला नाही, कुणाला आठवलंही नाही.

दुसरा किस्सा थेट ऑस्ट्रेलियाचा. ह्यू गॉफ हा कंपनी सरकारच्या फौजेचा सरसेनापती. 29 डिसेंबर 1843 रोजी ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला त्यानं शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. जयाजीराव तेव्हा अजाण होते. जिंकलेल्या मराठी तोफा वितळवून इंग्रजांनी त्यांची पदकं पाडली आणि शिपायांच्या छातीवर लावली. हा गॉफ इतका गाजला, की तिकडं व्हिटलम नावाच्या कुटुंबात एका मुलाला त्याचं नाव दिलं गेलं. त्या मुलाच्या नातवाला ते वारशानं मिळालं. 1916 साली मेलबर्नच्या क्यू या उपनगरात जन्मलेला हा नातू एडवर्ड गॉफ व्हिटलम. 1972 साली तो ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. एडवर्ड त्याला कुणी म्हटलं नाही. सगळा देश त्याला गॉफ म्हणायचा, शत्रूसुद्धा. महाराजपूरच्या गॉफबरोबर लढाईच्या मैदानावर गव्हर्नर जनरल एलनबरो जातीनं हजर होता. या गॉफला मात्र 11 नोव्हेंबर 1975 रोजी गव्हर्नर जनरलनंच घरी बसवलं. शिंद्यांच्या तोफखान्यातल्या एखाद्या गोलंदाजाचा आत्मा त्या दिवशी कॅनबेराच्या आसपास असला, तर त्याला बरं वाटलं असेल.

ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या यादीत माझ्या खास आवडीचं नाव मात्र दुसरं आहे, 1923 ते 1929 या काळातले स्टॅन्ली मेलबर्न ब्रूस. स्टॅन्ली हे आडनाव, ते नाव झालं. मेलबर्न ही एका इंग्रज लॉर्डची पदवी, ती शहर झाली, मग या गृहस्थांचं मधलं नाव झाली. ब्रूस हे त्यांचं खरोखरचं आडनाव, तर ते पुढं त्या देशात इतकं सरसकट पहिलं नाव झालं, की माँटी पायथन मंडळींनी 1970 साली एका प्रहसनात ऑस्ट्रेलियन विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातल्या यच्चयावत प्राध्यापकांना ब्रूस करून टाकलं. या पंतप्रधानाला कुठूनही हाक मारा, लागू पडते.

आता पुन्हा मिचेल. न्यू साउथ वेल्सचा सर्वेअर जनरल मेजर थॉमस मिचेल हा एकोणिसाव्या शतकातला नामांकित माणूस. त्यानं नद्या शोधल्या, रस्ते आखले, नकाशांवर आदिवासींची मूळ गावनावं टिकवली. 1851 साली स्टुअर्ट डोनाल्डसन या पुढाऱ्याशी त्यानं पिस्तुलांचं द्वंद्वही केलं. गोळी डोनाल्डसनच्या टोपीतून गेली. टोपीवर निभावलं म्हणून तो गृहस्थ पाच वर्षांनी प्रांताचा पहिला प्रीमियर होऊ शकला. एका देखण्या गुलाबी काकाकुव्याला या मेजरचं नाव होतं, मेजर मिचेलचा काकाकुवा. पण 1836 साली मरे नदीकाठी त्याच्या तुकडीनं आदिवासींवर गोळ्या झाडून किमान सात माणसं मारली होती. ते लक्षात घेऊन 2023 साली बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया या पक्षीसंस्थेनं मेजरला नावातून काढलं. आता तो नुसता गुलाबी काकाकुवा. पक्ष्याचं नाव बदललं, पण मिचेल नावाच्या हजारो माणसांना कुणी काही बोललं नाही. त्यांच्या नावात मेजर कुणाला दिसतच नाही. आडनाव एकदा पाळण्यात पडलं की त्याची स्मरणशक्ती जाते. क्लाइव्हचा विजयदुर्ग जातो, गॉफच्या तोफा जातात, कूपरचं पिंप जातं. उरते ती आईनं जेवायला मारलेली हाक.

आपलं आडनाव पाळण्यात का जात नाही, त्याचं कारण मला इथंच सापडतं. हाक मारायला आपल्याला आडनाव चालतं, किंबहुना तेच लागतं. कॉलेजच्या होस्टेलवर जोश्या, पाटल्या, शिंद्या, देशपांड्या यांच्याशिवाय कुणी राहतच नव्हतं. त्यात केवढी माया असायची. पण आपलं आडनाव काही विसरायला तयार नाही. वेंगसरकर म्हटलं की वेंगसर, तेंडुलकर म्हटलं की तेंडोली. चिटणीस, पोतदार, कुलकर्णी म्हटलं की जुनं दप्तर उघडतं. आणि गावापाठोपाठ, दप्तरापाठोपाठ जात येते. टार्नीटच्या गणपतीतसुद्धा नव्या मुलानं “मी रोहित” म्हणून सांगितलं, की एखादे काका हात हातातच ठेवून मान जरा पुढं काढतात आणि विचारतात, “पुढं?” समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला हा दोन अक्षरी प्रश्न विचारू नये असं मला वाटतं, पण काका प्रसादाचं ताट घेऊन उभे असतात. वाद कुठं घालणार?

म्हणून आपल्याकडे झालं ते उलटं. गयाना-त्रिनिदादला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिट्यांची नुसती नावं कागदावर चढली आणि पुढच्या पिढीत तीच आडनावं झाली. कन्हाई, रामाधीन, चंद्रपॉल ही सगळी कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांची नावं. सुनील गावसकरांनी त्यातल्या रोहन कन्हाईचं नाव मुलाला दिलं, पुढं जयसिंहा आणि विश्वनाथ जोडून जयविश्वही ठेवलं. हा रोहन गावसकर 2004 साली भारतासाठी पहिला एकदिवसीय सामना खेळला तो ऑस्ट्रेलियातच. आवडत्या खेळाडूंची नावं घेताना गावसकरांनी कन्हाई हे आडनाव तेवढं बाजूला ठेवलं, हे मराठी वळणाला धरून झालं. तमिळ माणसाला असली अडचण नाही. 2021 च्या जानेवारीत ब्रिस्बेनच्या गॅबावर शार्दूल ठाकूरबरोबर 123 धावांची भागी करणाऱ्या पोराचं नाव वॉशिंग्टन. वडलांना खेळात मदत करणाऱ्या एका निवृत्त लष्करी शेजाऱ्याची आठवण म्हणून ठेवलेलं. समालोचक सुंदर म्हणत होते, पालघरचा ठाकूर वॉशी म्हणत असेल.

एक मराठी आडनाव मात्र पाळण्यात गेलेलं मला ठाऊक आहे, पण ते महाराष्ट्राबाहेर. 1921 साली, लोकमान्य जाऊन वर्ष होत असताना, आंध्रात देवरकोंडा आडनावाच्या घरात मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं बालगंगाधर टिळक. स्वतःचं नाव, वडलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही मिळून एका पोराचं एक नाव. तो तेलुगूतला मोठा कवी झाला आणि मरणोत्तर साहित्य अकादमीचा मानकरीही. तिकडं टिळक म्हटल्यावर रत्नागिरी, चित्पावन, नारायण पेठ असलं काही कुणाला आठवत नाही. आपल्याकडे लोकमान्यांवर एवढं प्रेम, पण मुलाला टिळक नाव ठेवलेलं घर माझ्या पाहण्यात नाही. वाचकांपैकी कुणाला टिळक, गोखले, आगरकर किंवा फुले असं पहिलं नाव असलेला मराठी मुलगा माहीत असेल, तर जरूर कळवावं. फक्त त्याला “पुढं?” विचारू नये.