शेजाऱ्याशी राजकीय वैर: जतन आणि देखभाल

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा आमच्या जिन्यात पेढे वरून खाली आले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा लागला तेव्हा ते खालून वर गेले. दुकान तेच, खोकं तेच, फक्त देणारे आणि घेणारे बदलले. ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला देणाऱ्या राज्याने साडेपाच महिन्यांत २८८ पैकी सव्वादोनशेहून जास्त जागा महायुतीला दिल्या. एवढ्या उलथापालथीत सोसायटीच्या साध्या सभासदाने कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही, याची एकही सूचना फलकावर लागली नाही. टाकी धुणार असतील तर लागते. म्हणून हे मार्गदर्शन.

पेढ्यापासून सुरुवात करू. जिंकलेल्याने आणलेला पेढा कधीही नाकारू नये. नाकारलात की तुम्ही हरलात हे सगळ्या मजल्याला कळतं. पेढा हातात घ्यावा आणि शांतपणे विचारावं, ‘अरे वा, कशाबद्दल? मुलीचं जमलं का?’ समोरच्याला दारात उभं राहून कारण सांगावं लागतं, आणि अर्ध्या वाक्यात त्याचा उत्साह निम्मा होतो. मधुमेहाची सबब मात्र सांगू नये. लॅबवाला एकाच फेरीत तीन मजल्यांचं रक्त नेतो. कोणाची साखर किती, हे जिन्यात सगळ्यांना पाठ असतं.

यानंतरचं काम अवघड आहे: शत्रू नेमका कोण, हे ठरवणं. मत गुप्त असतं. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी दिसते तीही सात सेकंद, आणि ती फक्त तुम्हाला. पण २०२४ ला निवडणूक आयोगाने पुणे-मुंबईच्या बऱ्याच मोठ्या गृहसंकुलांत आवारातच मतदान केंद्रं दिली आणि अभ्यासूंची सोय झाली. मतमोजणीनंतर नमुना २० नावाचा तक्ता जाहीर होतो. त्यात केंद्रागणिक कोणाला किती मतं पडली ते छापलेलं असतं. केंद्र तुमच्याच क्लबहाऊसमध्ये असेल तर तो तक्ता म्हणजे सोसायटीचा एक्स-रेच. खरं तर अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ नावाचं यंत्र वापरा, म्हणजे गल्लीनिहाय पत्ता लागणार नाही, असं आयोगाने २००८ मध्ये सुचवलं होतं. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात तेच सांगितलं. ते यंत्र काही आलं नाही. हेतू चांगला होता, पण सोसायटीतल्या निवृत्त मंडळींनी दुपारी करायचं काय, याचा विचार दोन्ही आयोगांनी केलेला दिसत नाही.

समजा, तुमच्या केंद्रावर ‘नोटा’ला नऊ मतं पडली. तर त्या नऊ जणांचा शोध प्राधान्याने घ्यावा. दोन्ही बाजूंना एकत्र आणणारा हा एकमेव प्रकल्प आहे. संशयाची सुई बहुधा ए विंगमधल्या त्या जोडप्याकडे जाते जे गणपतीची वर्गणी ऑनलाइन भरतं आणि आरतीला येत नाही. पुरावा मागू नये.

शत्रू सापडला की वहीत नोंद करावी, पण पेन्सिलीने. ही सूचना हलक्यात घेऊ नका. २०१९ च्या ऑक्टोबरात तिसऱ्या मजल्यावरचे कट्टर शिवसैनिक काका आणि समोरच्या दाराचे खानदानी काँग्रेसवाले आजोबा एकमेकांना लिफ्टमध्येही ओळख देत नव्हते. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर शपथविधी झाला आणि दोघं सरकारी मित्र झाले. बिचाऱ्यांना सवयच नव्हती. आठवडाभर ते जिन्यात समोरासमोर आले की दोघंही बाजूला सरकून वाट देत, आणि मग कोणीच पुढे जात नसे. त्याआधी २३ तारखेला भल्या सकाळी वेगळाच शपथविधी उरकला होता. त्या दिवशी उशिरा उठलेल्यांनी नाश्त्यापर्यंत चुकीच्या माणसाशी अबोला धरला. पुढे जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. धनुष्यबाण एकीकडे, मशाल दुसरीकडे. घड्याळ एकीकडे, तुतारी दुसरीकडे. ज्यांनी वैर शाईने लिहिलं होतं त्यांच्या वह्यांची पानं आज वाचताही येत नाहीत.

नेत्यांना हे सोपं जातं. त्यांना वीस वर्षं ज्याच्यावर आरोप केले त्याच्याच शेजारची खुर्ची मिळते, शिवाय फोटोग्राफर हसायला सांगतो. आपल्याला कोणी सांगत नाही. आपण पार्किंगमध्ये तोंड फिरवून उभे असतो आणि वर टीव्हीवर युती झालेली असते. म्हणून अबोला सुरू करण्यापूर्वी त्या दिवशीच्या बातम्या पाहाव्यात. शक्यतो रात्री नऊच्या, कारण सकाळचं संध्याकाळी टिकत नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल थोडक्यात. वादग्रस्त काही टाकायचं असेल तर पाण्याच्या टँकरच्या निरोपानंतर लगेच टाकावं, तेव्हा सगळे जागे असतात. उत्तर आलंच तर अंगठा दाखवावा. त्याचा अर्थ मान्य की हेटाळणी, हे सांगायची जबाबदारी पाठवणाऱ्यावर नाही.

आता देखभालीचा खरा प्रश्न. तो घरातच असतो, कपाटाच्या वरच्या खणात: किल्ली. तुमच्या घराची जादा किल्ली ज्याच्याकडे आहे, नेमका तोच विरोधी पक्षाचा निघतो. हा योगायोग नाही. किल्ली दिली तेव्हा तुम्ही माणूस पाहिला होता, मतदारयादी नव्हे. ती परत मागावी का? मुळीच नाही. दुपारी घरी असतो तोच एकटा. सिलिंडर तोच घेतो, कुरियर तोच घेतो, तुमची आई बाथरूममध्ये घसरली तेव्हा दार त्यानेच उघडलं आणि रिक्षाही त्यानेच आणली. अशा माणसाशी वैर ठेवायचं तर वेळापत्रक लागतं. सकाळी दहा ते सहा किल्लीचं कामकाज, त्यानंतर मतभेद. सहानंतर सिलिंडर आला तर मतभेद दुसऱ्या दिवशी भरून काढावेत.

ओलीचंही तसंच. वरच्या घरातल्या मोरीचं पाणी तुमच्या छतात उतरू लागलं की आधी ते कुठून येतंय हे पाहावं. आदर्श उपविधींनुसार बाहेरचा सामाईक पाइप गळत असेल तर खर्च संस्थेचा, घराच्या आतली दुरुस्ती सभासदाची. या वादात विचारधारा आणायचा मोह टाळा. मोह होतोच. ‘तुमचंच सरकार आहे ना, मग फरशी फोडा की!’ असं एकदा जिन्यात ऐकलं आहे. उत्तर आलं, ‘लोकसभेला तुमचे तीस आले होते, तेव्हा का नाही फोडली?’ प्लंबर दोन्ही बाजूंकडे आळीपाळीने पाहत होता. त्याचं मत बिहारमध्ये होतं.

(विरजण मागायचं असेल तर मुलाला पाठवावं. मुलं अजून पक्षात आलेली नाहीत, आणि त्यांच्या हातचं विरजण लागतंही चांगलं.)

वरची पद्धत लोकसभा-विधानसभेसाठी झाली. महापालिकेला ती लागू पडत नाही. पुण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत, म्हणजे एकाच मतदाराने चार मतं द्यायची. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत अनेकांनी ती एकाच पक्षाला दिली नाहीत: एक ओळखीच्याला, एक रस्ता केलेल्याला, एक बायकोने सांगितलेल्याला आणि एक पक्षाला. परिणामी शेजारी पाव शत्रू आणि पाऊण मित्र असू शकतो. पाव वैर व्यवहारात कसं आणायचं? लिफ्टमध्ये चारदा भेट झाली की तीनदा ‘काय म्हणता’ म्हणावं आणि चौथ्यांदा आकडे बदलणाऱ्या पाटीकडे पाहावं. हिशेब लक्षात राहत नसेल तर मजल्यावरून ठरवा.

त्यात याच निवडणुकीत पुण्यात दोन्ही राष्ट्रवादी एकत्र लढल्या, आणि राज्यात मात्र एक सत्तेत, दुसरी विरोधात. तिकडे अंबरनाथच्या नगरपरिषदेत भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक शिंदेंच्या शिवसेनेला बाजूला ठेवून एकत्र आले; काँग्रेसने आपल्यांना निलंबित केलं, मग ते भाजपमध्ये गेले. कुटुंबातला एक भाऊ अंबरनाथला आणि एक पुण्यात असेल तर दिवाळीत फोनवर राजकारण काढू नये. दोघांच्या पक्षांचं त्या क्षणी काय चाललंय हे समजून घेण्यातच फराळ मऊ पडतो.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. वर्षातून एकदा, सप्टेंबर संपायच्या आत, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा असते, आणि पाच वर्षांनी कधीतरी त्यातच नवी समिती निवडायची असते. त्या सभेत महायुती, महाआघाडी, नोटावाले, ए विंगमधलं ते जोडपं, सगळे एका बाजूला बसतात. सेक्रेटरी कोणालाच व्हायचं नसतं. टेरेसचं वॉटरप्रूफिंग, लिफ्टचा करार, थकबाकीदारांच्या शिव्या, हिशेबतपासनीसाच्या शंका. कोणताही पक्ष यावर हक्क सांगत नाही. सभागृहात शांतता पसरते. मग कोणीतरी मागून म्हणतं, ‘आज पाचशे तीनवाले दिसत नाहीत.’ सूचक भाजपचा, अनुमोदक काँग्रेसचा, टाळ्या सगळ्यांच्या, आणि पाचशे तीनवाले नाशिकला लग्नात असताना बिनविरोध सेक्रेटरी झालेले असतात.

तेव्हा अंगात ताप असला तरी सभेला जा. पहिल्या रांगेत बसा, आणि हजेरीपुस्तकावर सही करताना नाव नीट वाचता येईल असं लिहा.