चुकण्यात तरबेज असलेल्या खेळाडूस

पत्राची सुरुवात नमस्काराने करतात. तुम्हाला तो घालावासा वाटत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या पूल पार्लरमध्ये माझा भाचा तुमच्याशी नाइन-बॉल खेळत होता. पाच नंबर घातला की शंभर, नऊ घातला की दोनशे. पहिले तीन डाव तुम्ही हरलात. चौथ्यात आठ नंबर पॉकेटच्या तोंडाशी होता. तुम्ही मारला, तो कडांवर खडखडला आणि तिथेच थांबला. 'आज नशीबच नाही!' म्हणत तुम्ही कपाळाला हात लावलात. भाचा आठ नंबरकडे बघत होता, मी पांढऱ्या बॉलकडे. तो दोन कुशन घेऊन सावकाश आला आणि नऊच्या आड जाऊन बसला. चुकलेल्या माणसाचा पांढरा इतका शहाण्यासारखा जागेवर जात नाही.

मी भाच्याला खुणेने उठायला सांगितलं. पण जिंकत असलेला पोरगा उठतो कुठे? मग तुम्ही रडवेल्या आवाजात म्हणालात, 'डबल करू या का?' त्यानंतर तुम्ही एकदाही चुकला नाहीत. क्लासच्या फीचे आठ हजार गेले, वर टेबलाचं भाडंही त्याच्याच माथी.

पैज या खेळाला नवी नाही. 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन यांनी स्नूकर बेतला, तो पैशांवर चालणाऱ्या ब्लॅक पूलमध्ये आणखी रंगीत बॉल मिसळूनच. त्या काळच्या लाइफ पूलमध्ये प्रत्येकाला तीन जीव असत. आपला बॉल पॉकेटात गेला की एक जीव जाई आणि ठरलेली रक्कम द्यावी लागे. म्हणजे किती बुडणार, याला खेळातच बांध होता. तुमच्या टेबलावर पोराचे जीव कोण मोजतं?

कायद्याची भीती तुम्हाला नाही, हेही ऐकलं. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही आहे आणि केवळ कौशल्याच्या खेळाला तो लागू होत नाही. म्हणून पोलिसांचा विषय निघाला की तुम्ही म्हणता, 'हा कौशल्याचा खेळ आहे.' आणि समोर नवखा पोरगा आला की म्हणता, 'सगळा नशिबाचा खेळ आहे.' दोन्हीतलं एकच काहीतरी खरं धरा.

तुमच्या हाताला मात्र मी मनापासून दाद देतो, आणि राग येतो तो त्याचाच. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. कुठल्याही खेळातले ते भारताचे पहिले विश्वविजेते. तेही टेबलावर रात्रंदिवस घासूनच तिथवर पोहोचले असतील. तुम्हीही घासलंत, पण ते सगळं कसब खर्ची पडतं आहे ते बॉल कसा चुकवावा, यावर. दोन बॉलची लीड देऊन, आपण किती पाण्यात आहोत हे आधी सांगून खेळला असतात, तर माझा भाचा हरूनही तुमच्याकडून शिकला असता.

परवा त्याचा जिवलग मित्र सोपा बॉल चुकला. भाचा हसला नाही, चिडवलं नाही. त्याने आधी पांढरा कुठे गेला ते पाहिलं. हे नुकसान आठ हजारांत बसत नाही.

एक मामा